डोरोथीची नणंद

आमच्या भिशीत पैसे नसतात. हे आधीच सांगून टाकते, कारण भिशी म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात आणि पुस्तकांची भिशी म्हटलं की तेच डोळे घड्याळाकडे वळतात. कोथरूडमधल्या आम्ही काही निवृत्त बायका महिन्यातून एकदा जमतो. एक जण पुस्तक सांगते, बाकीच्या ऐकतात. वाचून दाखवत नाही, सांगते. वाचून दाखवलं की वेणूबाईंना झोप लागते, आणि वेणूबाई घोरायला लागल्या की पुस्तकाचा अपमान होतो, म्हणून ही पद्धत पडली.

बैठकीच्या शेवटी डब्यातून चिठ्ठी काढायची. जिचं नाव येईल तिच्या घरी पुढची बैठक, आणि त्या दिवशी पुस्तकाला एक प्रश्न विचारायचा हक्क तिचा. प्रश्न कसलाही असो, सांगणारीने उत्तर द्यायचंच. पुस्तकात नसेल तर बाहेरून शोधून आणायचं. मोबाइलवर बघून सांगितलेलं चालत नाही. "ते मलाही बघता येतं," असं वेणूबाईंनी एकदा सुनावलं, आणि त्या सगळ्यांत थोरल्या असल्यामुळे तो नियम झाला.

गेल्या फेरीत, म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या संपेपर्यंत, सांगणारी मी होते. मी जया. आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे माझ्याशिवाय कुणाला इंग्रजी येत नाही अशी माझी समजूत आहे आणि भिशीतल्या कुणी ती खोडून काढायचा त्रास घेतलेला नाही. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मिळाली होती. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, त्याबरोबर लेखिकेचं नावही गेलेलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष लढायला गेले, तेव्हा मागे राहिलेल्या बायकांची गोष्ट.

डोरोथी चाळिशी ओलांडलेली. तिचा नवरा जॉर्ज युद्धाच्या सुरुवातीलाच फ्रान्समध्ये मारला गेला. घरात डोरोथी आणि तिची अविवाहित नणंद ईडिथ. डोरोथी तोफगोळ्यांत दारू भरायच्या कारखान्यात कामाला लागते. ईडिथ घर सांभाळते, रेशनच्या रांगेत उभी राहते आणि सगळ्या गोष्टींबद्दल नापसंती व्यक्त करते. मग आर्थर येतो. आर्थर म्हणजे अंधार पडला की गल्लीगल्लीत फिरून कुणाच्या खिडकीतून उजेड दिसतोय का ते बघणारा, दिसला की दारावर थाप मारणारा वॉर्डन. तो डोरोथीच्या दारावर जरा जास्तच थापा मारतो.

आता आमच्या घरचं सांगते. माझे यजमान दत्तप्रसाद जाऊन सात वर्षं झाली. घरात मी आणि माझी अविवाहित नणंद दुर्गाबाई. मी त्यांना वन्सं म्हणते, आणि त्याही भिशीत आहेत. हा योगायोग पुस्तक निवडताना माझ्या लक्षात आला नव्हता. खरंच नव्हता. दुसऱ्या प्रकरणात आला, आणि तोवर सुरुवात करून झाली होती.

वन्सं आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मुकाट्याने ऐकायचं आणि नको झालं की मधेच तोडायचं, या दोन्ही कला त्यांना अवगत आहेत. माझी राजनंदिनी लहान होती, तेव्हा मी नोकरी सोडायची भाषा करत होते. वन्संनी मला काही न सांगता स्वतःसाठी रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसभर पोरीला सांभाळलं. झोपायच्या कधी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत. बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

भिशीला डोरोथी पहिल्याच दिवशी आवडली. आठवड्याला माणशी एक अंडं, हे ऐकून सगळ्या हळहळल्या. त्यातल्या निम्म्या अंडं खातच नाहीत. पायमोजे मिळेनात म्हणून तिथल्या बायका पायांना तपकिरी रस्सा फासून मागच्या बाजूला पेन्सिलीने शिवण काढायच्या, असं मी सांगितलं, तेव्हा वेणूबाई म्हणाल्या, "मग कुत्री मागे लागत असतील."

आणि ईडिथ कुणालाच आवडली नाही. सगळ्यांत जास्त नावडली ती वन्संना. डोरोथीला कारखान्यातून यायला उशीर झाला आणि ईडिथ तोंड फिरवून बसली, त्या प्रकरणाला तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"अगं, हिचं काय जातं? दिवसभर दारूगोळा भरून आलीय ती. दोन शब्द गोड बोलायला रेशन लागतं का?"

मी हे मनात टिपून ठेवलं. तेव्हा त्याचा काही उपयोग आहे हे मला माहीत नव्हतं, पण शिक्षिकेला सवय असते.

वेणूबाईंच्या घरी बैठक झाली तेव्हा त्यांनी प्रश्न विचारला. कारखान्यात डोरोथीच्या लग्नातल्या अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळायला लावतात, असं पुस्तकात होतं. धातू घासून ठिणगी पडू नये म्हणून. वेणूबाई म्हणाल्या, "मग आपल्याकडच्या असल्या कारखान्यात बायका मंगळसूत्राचं काय करतात?"

मला कुठून माहीत असणार? शर्मिलाने तोड काढली. शर्मिला म्हणजे भिशीतली सगळ्यांत उत्साही बाई. कोणतीही गोष्ट साधी होऊ नये यासाठी ती झटते. तिच्या भावाच्या ओळखीचे एक रंगराव होते, खडकीकडे राहणारे, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, बाई." मला वाटलं, चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते.

डेक्कनला एका हॉटेलात भेटलो. इस्त्रीचा शर्ट, पांढरी मिशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गोळ्यात दारू कशी भरतात, हे विचारल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "ते गुप्त आहे."

"अहो, मी इंग्लंडमधल्या सन एक्केचाळीसच्या गोळ्याबद्दल विचारतेय."

"गोळा तो गोळाच."

पण मंगळसूत्राचं सांगितलं. बायकांनी ते गेटवर काढून ठेवायचं, बांगड्या, पिना, सगळं काढायचं. गळ्यात नुसता काळा दोरा चालायचा. "नवीन बाई पहिल्या दिवशी मंगळसूत्र काढताना रडायची," ते म्हणाले. "महिन्याभराने गेटवरच विसरून घरी जायची. मग नवऱ्याला घेऊन परत यायची, तोही रडवेला." हे सांगताना त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, नेमकं मऊ होऊन तुटायच्या आत वर काढलं आणि खाल्लं. मी तीस-चाळीस वर्षं बिस्किटं बुडवतेय, माझं दर वेळी कपात पडतं.

एका प्रश्नाचं उत्तर एका भेटीत मिळालं होतं. त्यानंतर मला कारखान्याविषयी पुष्कळच शंका यायला लागल्या. त्या भिशीतल्या कुणी विचारल्या नव्हत्या.

पुस्तकातला आर्थर उंच, सोनेरी केसांचा आणि मला विचाराल तर जरा मंद होता. मी सांगताना त्याला थोडा सुधारला. त्याला मिशी दिली. तो कमी बोलायला लागला आणि जे बोलायचा ते ऐकण्यासारखं व्हायला लागलं. एकदा डोरोथीच्या स्वयंपाकघरात त्याने चहात बिस्किट बुडवलं आणि तुटायच्या आत काढलं. भिशीतल्या बायकांनी उसासे टाकले. वन्सं नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रंगून गेल्या.

मग मे महिन्यात एके दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव आहे, सगळ्यांनी दिवे घालवावेत. खरा की खोटा, कुणी विचारलं नाही. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या, त्या बघायच्या म्हणून अर्ध्या सोसायटीने दिवे घालवले नाहीत. पण वन्संनी माझ्याकडून सहा महिने इंग्लंड ऐकलं होतं. त्यांनी दुपारीच काळा कार्डपेपर आणून सगळ्या खिडक्यांना लावला. संध्याकाळी सगळं कोथरूड लखलखत होतं आणि आमचं एक घर शत्रूच्या विमानाला दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी रंगराव आले. कारखान्यात घालायचे बिनखिळ्यांचे जुने बूट त्यांनी जपून ठेवले होते, ते भिशीला दाखवायला देणार होते. मी वन्संना म्हटलं होतं, माहिती देणारे गृहस्थ आहेत. त्यांनी आत येऊन आधी खिडक्या बघितल्या. खाली जिन्यापाशी जाऊन वर बघून आले.

"स्वयंपाकघराच्या उजव्या कोपऱ्यातून उजेड दिसतोय," ते म्हणाले.

वन्संनी त्यांना चिकटपट्टी दिली. दोघांनी मिळून तो कोपरा बंद केला. मग वन्संनी चहा केला, बिस्किटं मांडली आणि आम्ही तिघं अंधारात बसून प्यायलो. ते गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "माणूस शिस्तीचा आहे." वन्संच्या तोंडून पुरुषाविषयी एवढं कौतुक मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

तोवर रंगरावांनी मला विचारलं होतं. फार न बोलता विचारलं. म्हणाले, "खडकीचं घर मोठं आहे, बाई, आणि मी एकटा आहे. लग्न करून राहू या का?" मी म्हटलं, वन्संशी बोलून सांगते. राजनंदिनीला बंगळुरूला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, किती गोड. आत्याला सांगितलंस?" म्हणजे सगळी गाडी येऊन थांबत होती ती एकाच फाटकापाशी. वन्सं नको म्हणाल्या असत्या तर मी गेले नसते. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच विचारायचा धीर होत नव्हता.

पण माझ्या हातात पुस्तक होतं. डोरोथी आणि आर्थरचं लग्न पुढे येणार होतं. मी ठरवलं, ते लग्न असं सांगायचं, असं सांगायचं, की वन्संनीच आशीर्वाद द्यावेत. मग त्याच दिवशी आपलं सांगायचं. दर महिन्याला मी ईडिथला थोडी जास्त दुष्ट केली आणि दर महिन्याला वन्सं तिला जास्त मोठ्याने बोलल्या. "नवरा मेलाय, ही नाही मेली," त्या एकदा इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी कोण मेलं म्हणून चौकशी केली. धडा उत्तम चालला होता.

लग्नाची बैठक शर्मिलाकडे होती. ती मुलाबरोबर मांजरीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलीय. एकोणिसाव्या मजल्यावरून ऊस दिसतो याचं तिला अप्रूप आहे. युद्धात साखर मिळत नसे, म्हणून लग्नाच्या केकवर पुठ्ठ्याचा मोठा सजवलेला केक टोपीसारखा ठेवत आणि फोटो झाला की तो उचलून खालचा लहानसा केक कापत, असं मी आधी सांगितलं होतं. ते सांगायला नको होतं. शर्मिलाने तीन मजली पुठ्ठ्याचा केक करून ठेवला होता. वेणूबाईंनी चष्मा न लावता त्याच्यात सुरी घातली आणि म्हणाल्या, "कडक झालाय गं."

डोरोथीने पॅराशूटच्या रेशमी कापडाचा झगा शिवला. आर्थरने मिशीला तेल लावलं. चर्चच्या वाटेवर भोंगा वाजला आणि सगळं वऱ्हाड तळघरात जाऊन बसलं, आणि तिथेच, बादल्या आणि वाळूच्या पोत्यांमध्ये, आर्थरने तिचा हात धरला. हे पुस्तकात नाही. बायका रडायला लागल्या. तेवढ्यात शर्मिला आत गेली आणि वाटीत अक्षता घेऊन आली. कुणी हसलं नाही. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो, वेणूबाईंनी थरथरत्या आवाजात मंगलाष्टक म्हटलं, आणि कोथरूडच्या बायकांनी मांजरीच्या एकोणिसाव्या मजल्यावर डोरोथी आणि आर्थरवर, म्हणजे एका पुठ्ठ्याच्या केकवर, अक्षता टाकल्या. वन्संनी मूठ भरून टाकल्या.

परतीच्या टॅक्सीत मी सांगितलं. वन्संच्या साडीच्या निऱ्यांत अजून अक्षता अडकलेल्या होत्या.

"वन्सं, मी आणि रंगराव लग्न करायचं म्हणतोय."

ड्रायव्हरने गाण्याचा आवाज कमी केला. वन्सं बाहेर बघत होत्या. हडपसरचा पूल येऊन गेला.

"वन्सं, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय?"

"आत्ता तर तुम्ही डोरोथीला—"

"तिथे युद्ध चालू होतं," वन्सं म्हणाल्या आणि लाइन कापली.

त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलत होत्या, पण मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलावं तेवढंच. गॅस संपलाय. पाणी उद्या उशिरा येणार आहे. खडकवासल्यात पाणी किती टक्के आहे, हे त्यांनी मला पेपरमधून वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यात काय चाललंय, हे विचारलं नाही. मला राग आला होता. दहा महिने ईडिथच्या नावाने बोटं मोडणारी बाई स्वतः ईडिथच्या वर निघाली, असं मला वाटत होतं, आणि हे कुणाला तरी सांगून दाद मिळवायची सोय नव्हती, कारण बातमी पोचल्यावर भिशीचंही तेच चाललं होतं.

शर्मिलाने फोन केला. "जया, आमचा पाठिंबाच आहे गं, पण," ती म्हणाली, आणि त्या 'पण'नंतर बराच वेळ बोलली. डोरोथी चाळिशीची होती, तू साठी ओलांडलीस. तिथे थंडी किती असते, माणसाला सोबत लागते. राजनंदिनीच्या सासरच्यांना कळलंय का? वेणूबाईंनी स्वतः फोन केला नाही. सुनेकडून निरोप पाठवला की तब्येत जप. मला काय झालं होतं तब्येतीला? रंगरावांना मी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "मग थांबू. आमच्या कामात घाई करणारे फार दिवस टिकत नसत." हे ऐकून मला त्यांच्याशी लगेच लग्न करावंसं वाटलं.

शेवटची बैठक आमच्या घरी होती. डब्यात वन्संचीच चिठ्ठी उरली होती, तरी शर्मिलाकडे ती रीतसर डबा हलवून काढली गेली होती. त्यामुळे प्रश्न वन्संचा. सगळ्या वेळेवर आल्या, कधी नव्हे त्या. साबुदाण्याचे वडे खाताना एकमेकींकडे बघत होत्या आणि आमच्या दोघींकडे बघत नव्हत्या. मी शेवटची प्रकरणं सांगितली. युद्ध संपलं, रस्त्यात टेबलं मांडून लोकांनी मेजवानी केली, डोरोथी आणि आर्थर दुसऱ्या गावी राहायला गेले, सुखी झाले. मी भराभर उरकलं.

"दुर्गाबाई, तुमचा प्रश्न," वेणूबाई म्हणाल्या.

वन्संनी बशी खाली ठेवली. "ईडिथचं पुढे काय झालं?"

मी पुस्तक उघडलं. उघडायची गरज नव्हती, कारण मला आठवत होतं, तरी पानं उलटली. डोरोथीच्या लग्नात ईडिथ चर्चच्या दाराशी डोरोथीचा कोट हातात धरून उभी असते. बस. त्यानंतर शंभरावर पानं आहेत आणि त्यांत ईडिथ नाही. लेखिका तिला कोटासकट दारात उभी करून विसरून गेली. मी वाचलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. खोलीतल्या कुणाच्याच आलं नव्हतं.

"ईडिथ ना," मी म्हटलं, "ती समुद्राकाठी एका मैत्रिणीकडे राहायला गेली. छोटंसं घर होतं, मागे बाग. रविवारी दोघी मिळून सफरचंदाचा—"

"खोटं," वन्सं म्हणाल्या.

मी पुस्तक मिटलं.

"खोटं सांगायला लागलीस की तू खाण्यावर येतेस, जया. तो आर्थर बिस्किट बुडवायला लागला तेव्हाच मला कळलं, हे पुस्तकातलं नाही. मग मे महिन्यात रंगरावांना मी चहा-बिस्किट दिलं. अंधार होता, पण इतका नव्हता."

"मग तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं?"

"मी एक्स्चेंजमध्ये होते. कोण कुणाशी का बोलतंय, हे मला लाइनीवरून कळायचं."

मला संताप आला. "आणि तरीही अक्षता टाकल्यात? ईडिथला काळीज नाही म्हणालात, तिचं काय जातं म्हणालात?"

"ते मी मलाच सांगत होते," वन्सं म्हणाल्या. "पटत नव्हतं, म्हणून मोठ्याने सांगत होते."

त्यांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"मी वाट बघत होते. म्हटलं, आज विचारेल, पुढच्या महिन्यात विचारेल. तू विचारलं नाहीस, तू शिकवलंस. शाळेतल्या मुलीला शिकवावं तसं. धडा घेतलास, उजळणी घेतलीस, ईडिथ वाईट हे माझ्याच तोंडून पाठ करून घेतलंस. आणि मग टॅक्सीत निकाल सांगितलास. मी नापास झाले, त्याचं तुला आश्चर्य वाटलं."

वेणूबाई जाग्या होत्या. शर्मिला हातातला वडा खायचा की ठेवायचा या विचारात तशीच बसली होती. माझ्या डोळ्यांसमोर ते दार येत होतं आणि कोट धरून उभी असलेली ती बाई. तिला महिन्यामहिन्याने दुष्ट करून मी सगळ्यांच्या टाळ्या मिळवल्या होत्या. फार लाज वाटली.

"ईडिथचं काय झालं, मला माहीत नाही, वन्सं," मी म्हटलं.

"हे खरं."

"नियम आहे, उत्तर द्यावंच लागतं," वेणूबाई हळूच म्हणाल्या.

"तिला कुणी विचारलं नाही, एवढंच झालं," वन्सं म्हणाल्या. "मग ती काय म्हणाली असती, ते कुणाला कळणार?"

मी उठले. भिशीच्या सगळ्या बायका बघत होत्या. मी वन्संच्या समोर जाऊन उभी राहिले.

"वन्सं," मी म्हटलं, "मी रंगरावांशी लग्न करू का? तुम्हाला इथे एकटीला सोडून जाऊ का?"

"नको," वन्सं म्हणाल्या.

शर्मिलाच्या हातातला वडा बशीत पडला. मी तशीच उभी राहिले. मग मी मान हलवली. बरं म्हणायला तोंड उघडलं, तर वन्संनी हात वर केला, माझा हात धरला आणि मला खाली, शेजारी बसवलं.

"मला तू गेलेली नको आहेस," त्या म्हणाल्या. "हे मला एकदा म्हणायचं होतं, आणि तू ऐकायला हवं होतंस. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आता कर लग्न."